मूठभर तांदळाचा शिक्षण फंड

मी जिते गावातून बोलतेय.

गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. बाया म्हणतात, "ताई, गावात देवळाचा फंड आहे. पालखीची वर्गणी आहे. क्रिकेटच्या सामन्यांना दोन दिवसांत पैसे उभे राहतात. मग पोरांच्या शिक्षणासाठी गावाचा फंड का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज गावाचा शिक्षण फंड म्हणजे काय, तो कशासाठी वापरायचा, त्यात पैसा कसा जमवायचा आणि तो भांडण न होता कसा चालवायचा, एवढंच बोलू.

ही कल्पना आपल्याच बायांची आहे

शिक्षणासाठी दान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा मोठा शेठ येतो. पण आपल्याकडचा इतिहास तसा नाही. पणजीला मुष्टिफंड नावाची संस्था आहे. १९०८ साली ती सुरू झाली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि मराठी शाळेसाठी लोकांनाच पैसा उभा करायचा होता. घराघरातून मूठ मूठ तांदूळ बाजूला काढला जायचा आणि त्यातून शाळेला पैसा मिळायचा. मुष्टी म्हणजे मूठ. संस्थेच्या नावातच ती मूठ राहिली आहे. ही संस्था आजही शाळा चालवते.

दुसरं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यात काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र राहायची, एका पंक्तीत जेवायची. एवढ्या मुलांना रोज खायला घालायचं म्हणजे धान्य लागणार. तेव्हा गावोगावच्या बायांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून दिलं. आणि कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. १९३० साली त्या गेल्या. आज आपल्या रायगड जिल्ह्यातही रयतच्या शाळा आणि कॉलेजं आहेत. त्यांच्या पायाखाली कुणाकुणाची मूठ आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

तिसरं उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. त्यांचं गाव मुरूड. हे आपल्या जंजिऱ्याजवळचं मुरूड नाही बरं का, दापोली तालुक्यातलं मुरूड. ते मुंबईला शिकायला आणि नोकरीला गेले, पण गाव सोडलं नाही. गावाच्या कामासाठी त्यांनी मुरूड फंड काढला. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तिथे प्राथमिक शाळा काढायला त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी वर्गणी मागत फिरले.

कर्व्यांची लहानपणची एक गोष्ट आपल्या विषयाला फार लागू आहे. मुलकी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर चढून, पायी चालत गेले. तिथे पोचल्यावर त्यांना परत पाठवलं. का, तर वय लहान दिसतं म्हणून. अभ्यास झालेला, मुलगा हुशार, चालायची तयारी, आणि अडलं कुठे, तर वयाच्या दाखल्याशी. दीडशे वर्षं होत आली, आजही आपली मुलं अशाच जागी अडतात.

शिक्षण नेमकं कुठे थांबतं

आपण म्हणतो, "पैसे नव्हते म्हणून शिकली नाही." पण किती पैसे नव्हते, हे आपण कधी मोजत नाही. मोजलं तर पुष्कळ वेळा रक्कम लहान निघते. मी काम करते त्या भागातली एक मुलगी बारावी झाली. पनवेलकडच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. शिकवणीची फी माफ होणार होती. पण अनामत रक्कम, गणवेश, पुस्तकं आणि पास मिळून सात हजार रुपये तीन दिवसांत हवे होते. दिवस लावणीचे. घरातला पैसा बियाणं आणि मजुरीत गेलेला. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष आलंच नाही. मुलगी एक वर्ष घरी बसली की स्थळं यायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सात हजार ही रक्कम आपल्या गटाला मोठी आहे का? आपण गाईम्हशीसाठी, पापडाच्या धंद्यासाठी, गणपतीच्या कारखान्यातल्या रंगासाठी याहून जास्त अंतर्गत कर्ज देतो. तेव्हा पैसा गावात होता. त्या तीन दिवसांत तो त्या मुलीपर्यंत पोचेल अशी वाट मात्र नव्हती. गावाच्या शिक्षण फंडाचं काम म्हणजे ही वाट तयार ठेवणं.

म्हणून फंड काढताना इंजिनीअर-डॉक्टरची अख्खी फी भरायची स्वप्नं बघू नका. ते आपल्याच्याने होणार नाही आणि दोन मुलांत फंड संपून जाईल. आपला फंड लहान अडचणींसाठी. प्रवेशाची अनामत रक्कम. प्रवेश परीक्षेचा फॉर्म. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला काढायला तहसीलला मारायच्या फेऱ्या. रेल्वेचा पास. जिते स्टेशनवर गाड्या मोजक्या, एक चुकली की हायवेला येऊन दुसऱ्या गाडीचं भाडं द्यावं लागतं, तेही शिक्षणाच्याच खर्चात धरा. चष्मा धरा. वसतिगृहात जाणाऱ्या मुलीची बादली, गादी, पत्र्याची पेटी धरा. हे खर्च कुठल्याच योजनेत नीट बसत नाहीत, आणि गळती नेमकी इथेच होते.

मुठीचा हिशोब

आता जमवायचं कसं ते बघू. कागद-पेन्सिल घ्या.

समजा गावात आठ गट आहेत आणि प्रत्येक गटात दहा जणी. म्हणजे ऐंशी घरं. प्रत्येकीने महिन्याला १० रुपये वेगळे दिले तर महिन्याचे ८०० आणि वर्षाचे ९,६०० रुपये. वाईट नाही, पण पुरेसंही नाही.

आता मुठीचा हिशोब करा. भात शिजवायला तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. मूठ साधारण ५० ग्रॅम धरू. महिन्याला दीड किलो, वर्षाला अठरा किलो. ऐंशी घरांचे १,४४० किलो. किलोला ३० रुपये धरले तरी ४३,२०० रुपये होतात. आणि घरात विचाराल तर एक मूठ कमी झाल्याचं जेवताना कुणालाही कळत नाही. वर्षाला साडेपाचशे रुपये एकदम द्या म्हटलं की आपण मागे सरतो. रोजची मूठ मात्र देता येते. जुन्या बायांचं शहाणपण ते हेच.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हा तांदूळ आपल्या शेतातला किंवा विकत घेतलेला हवा. रेशनचा तांदूळ गोळा करून विकायचा नाही, तो गुन्हा ठरतो. ज्यांच्याकडे शेती नाही, ज्यांचं घर रेशनवर चालतं, त्यांनी डब्यात रोज एक रुपया टाकावा. आणि जिला तोही जमत नाही तिने काही टाकू नये. तिच्या मुलाचा फंडावरचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, हे पहिल्याच दिवशी ठरावात लिहून ठेवा.

याशिवाय दोन वाटा आहेत. पहिली, गावातून मुंबई-पनवेलला नोकरीला गेलेली माणसं. ती गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. तेव्हा त्यांच्यासमोर हिशोब ठेवा आणि मग मागा. आधी हिशोब, नंतर मागणं. दुसरी वाट, घरातली कार्यं. हळदीकुंकवाच्या वाणाऐवजी, वाढदिवसाच्या केकमधले थोडे पैसे, मुलगी पास झाली म्हणून पेढ्यांसोबत पन्नास रुपये फंडाला. सक्ती नको, सवय हवी.

फंडाचे दोन कप्पे

आता सगळ्यात महत्त्वाचं. फंडाचे दोन कप्पे करा.

पहिला कप्पा परत यायच्या पैशांचा. पुष्कळ मुलांना शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे खात्यात उशिरा येतात. आधी खिशातून भरा, मग मिळतील, असा तो मामला असतो. अशा वेळी फंडाने बिनव्याजी हातउसने द्यायचे. शिष्यवृत्ती जमा झाली की आईने ते परत आणून द्यायचे. तेच पैसे दुसऱ्या मुलाला. वीस हजार रुपये असे फिरत राहिले तर काही वर्षांत कितीतरी मुलांचे प्रवेश सावरतात.

दुसरा कप्पा परत न यायच्या मदतीचा. दाखले, पास, चष्मा, परीक्षेचा फॉर्म. रक्कम लहान ठेवा, एका मुलाला वर्षाला किती याची मर्यादा ठरवा.

सुरुवातीला जमलेल्यातले दोन हिस्से पहिल्या कप्प्यात आणि एक हिस्सा दुसऱ्यात ठेवला तर फंड लवकर आटत नाही.

परत करायला जमलं नाही तर? मुदत वाढवा. आणखी जमलं नाही तर बैठकीत ठराव करून ती रक्कम दुसऱ्या कप्प्यात टाका. पण त्या घरी जाऊन तगादा लावू नका. शिक्षणासाठी घेतलेल्या पैशांनी आईची मान खाली गेली, तर दुसरी आई मागायला येणार नाही.

आणि मुलांकडून काही मागायचं का? मागायचं, पण पैशाच्या रूपात नाही. कर्मवीरांनी "कमवा आणि शिका" ही रीत घालून दिली. त्यांची मुलं शेतात, बांधकामावर काम करून शिकली. आपण एवढंच म्हणू, की फंडाची मदत घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने रविवारी दोन तास पाचवी ते आठवीच्या पोरांचा अभ्यास घ्यावा, नाहीतर गटातल्या बायांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यावेत. मग कुणी उपकार केले आणि कुणी घेतले, हा भाव राहत नाही.

कुणाला द्यायचं

इथे गावं भांडतात. म्हणून नियम आधी, पैसा नंतर.

मार्क बघून बक्षीस देणं वेगळं आणि फंडातून मदत करणं वेगळं. ९० टक्केवाल्या मुलाचा सत्कार मंडळं करतातच. फंडाने विचारायचा प्रश्न एकच, "या वेळी मदत नाही मिळाली तर हे मूल शिक्षण सोडेल का?" ४८ टक्के मिळवून आयटीआयला जाऊ बघणारा मुलगाही त्यात येतो. वडील नसलेली, दारूने घर बुडालेली, नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलं येतात. आपल्या आजूबाजूच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं वीटभट्टीवर जातात तेव्हा मुलांची शाळा सुटते. त्या वाडीवर फंडाची एक बाई गेलीच पाहिजे, कारण तिथून कुणी अर्ज घेऊन आपल्या दारात येणार नाही.

ठरवायला पाच जणींची समिती करा. एकाच आळीच्या पाच नकोत. वाडीवरची एक हवी. जिच्या घरातलं मूल अर्जात आहे तिने त्या दिवशी बैठकीतून उठायचं. अर्ज अर्ध्या पानाचा. आणि तातडीच्या अर्जाला दोन दिवसांत उत्तर, कारण प्रवेशाची तारीख आपल्या मासिक बैठकीसाठी थांबत नाही. तेवढ्यासाठी समितीतल्या तिघींच्या सहीने काही रक्कम लगेच देता येईल असा ठराव करून ठेवा.

आणखी एक. मदत घेताना मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. फलकावर नाव लिहू नका. वर्षाचा हिशोब महिला ग्रामसभेत मोठ्याने वाचा, पण तो असा: एवढे जमले, एवढ्या मुलांना एवढे दिले, एवढे परत आले, एवढे शिल्लक. रकमा सगळ्यांना कळू द्या, मुलांची नावं फक्त समितीच्या वहीत राहू द्या.

आधी सरकारी हक्क, मग आपली मूठ

फंडातून रुपया देण्याआधी समितीने एक काम करायचं. या मुलाला सरकारकडून काय मिळायला हवं ते तपासायचं. जे हक्काचं आहे ते सोडून गावाचा पैसा खर्च करणं शहाणपणाचं नाही.

काही मोठ्या गोष्टी लक्षात ठेवा. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतली मुलं तिला बसू शकतात, पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आपल्या शाळेने किती मुलं बसवली, हे मुख्याध्यापकांना विचारायचा आपल्याला हक्क आहे.

खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेत मिळतो. आणि २०२४-२५ पासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम् या योजना आहेत. बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात.

पण फी माफ झाली तरी गाडीभाडं माफ होत नाही. खोलीचं भाडं, पुस्तकं, खानावळ माफ होत नाही. सरकारची योजना संपते तिथून मुलीच्या घराच्या दारापर्यंत जे अंतर उरतं, तेवढं आपल्या मुठीने भरायचं.

यासाठी मार्च-एप्रिलमध्येच दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाची कागदांची फाईल तयार आहे का ते बघा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नाव एकसारखं आहे का, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का. याला पैसा लागत नाही. याला एक जागरूक बाई लागते.

हिशोब आणि नोंदणी

गटाची बचत आणि शिक्षण फंड एकत्र करू नका. बचत ही सभासदांची मालकी, तिच्यावर अंतर्गत कर्ज चालतं. फंड गावाचा. त्याची वही वेगळी, पावती पुस्तक वेगळं, खातं वेगळं, आणि पैसे काढायला दोघींच्या सह्या. ग्रामसंघ असेल तर त्याच्या बैठकीत ठराव करून सुरुवात करा. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहेच, तेव्हा हे काही गटाबाहेरचं काम नाही.

नोंदणी लगेच करायची का? ऐंशी घरांची मूठ चालवायला पहिल्या दिवशी संस्था लागत नाही. पण बाहेरून देणग्या यायला लागल्या, कुणी जागा दिली, किंवा धाटाव-डोलवीकडच्या कारखान्यांकडून सामाजिक निधी मागायचा झाला, की नोंदणी हवीच. त्यासाठी किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते. किंवा सरळ विश्वस्त संस्था काढता येते. एकदा नोंद झाली की दरवर्षी हिशोब तपासून द्यावा लागतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत कळवावं लागतं. गावोगावी नोंदलेल्या कितीतरी संस्था कागदावरच राहिल्या, कारण हे बदल कुणी कळवलेच नाहीत आणि मग जुन्या-नव्या विश्वस्तांत वाद लागले. तेव्हा जिला कागद सांभाळायची आवड आहे अशी बाई सापडल्याशिवाय नोंदणीची घाई करू नका.

पुढच्या बैठकीत

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. गावातल्या आठवी, दहावी आणि बारावीच्या सगळ्या मुलांची यादी करा, वाडीवरच्यांसकट. गेल्या दोन वर्षांत कुणाकुणाचं शिक्षण सुटलं आणि किती रुपयांसाठी सुटलं, ते त्यांच्या आयांना विचारून लिहा. आणि प्रत्येकीने घरी एक रिकामा डबा धुऊन, सुकवून ठेवा.

ती यादी आणि ते आकडे एकदा सगळ्यांसमोर वाचले, की फंड काढायचा का नाही यावर भाषण करायची गरज पडणार नाही. लावणीच्या दिवसांत, प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर आली असताना, कुणी आई तुमच्या दारात आली, तर तिला "बघू" म्हणायची वेळ येऊ नये, यासाठी मुठीला आजपासून सुरुवात करा.

तुमच्या गावात असा फंड आधीपासून चालत असेल तर त्याचे नियम आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांना सांगू.